अभयदान, औषधदान आणि आमची सोनी



आपल्या सोलापुरात पांजरापोळ चौक आहे. रिक्षावाल्याला "पांजरापोळला सोडा" म्हणत आपलं निम्मं आयुष्य गेलं, पण हा शब्द कुठून आला ते आपण कधी विचारत नाही. अहमदाबादेकडे एका वेशीच्या आत वसलेल्या गल्लीला पोळ म्हणतात. पिंजरा आणि पोळ मिळून झालं पांजरापोळ. म्हातारी, लंगडी, आंधळी, मालकानं टाकून दिलेली जनावरं शेवटपर्यंत सांभाळायची जागा. मराठीत मात्र हा शब्द थट्टेवारी गेला. घरात निरुपयोगी माणसं किंवा वस्तू फार झाल्या की "इथं काय पांजरपोळ उघडलंय?" असं आपण सहज म्हणून जातो.

आज हा शब्द काढण्याचं कारण आमची सोनी. तिच्या अपघाताचं कळल्यापासून मंदिरात, हळदीकुंकवाला, फोनवर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी एकच प्रश्न विचारला. तेरा वर्षांच्या कुत्रीसाठी एवढी धडपड, एवढा खर्च कशाला? सुई देऊन सोडवायचं ना बिचारीला! विचारणाऱ्या सगळ्या दयाळूच होत्या. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावं असं वाटलं. आपल्याआधी लोकांनी या प्रश्नाचं काय केलं, तिथून सुरुवात करते.

खंबायतचे लंगडे कुत्रे

गिरनारच्या यात्रेला गेलेल्या मैत्रिणींना आठवत असेल, जुनागढहून डोंगराकडे जाताना पायथ्याशी एक भलामोठा शिलाखंड आहे. त्यावर सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या आहेत. नेमिनाथ भगवंतांच्या दर्शनाच्या ओढीनं आपण तिथं फारसं थांबत नाही. त्यातली दुसरी आज्ञा मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केली आणि जिथं औषधी वनस्पती नव्हत्या तिथं त्या आणून लावल्या, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाज्ञेत जनावराचं औषध माणसाच्या औषधाशेजारी बसलेलं आहे. आणि ते कोरलं गेलं त्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथं मुक्या जिवांचा आक्रोश ऐकून लग्नाच्या वरातीतून माघारी फिरलेल्या नेमिनाथांना मोक्ष मिळाला.

पुढचा पुरावा परक्या माणसाचा आहे. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८३ साली लंडनहून निघाला आणि हिंदुस्थानभर फिरला. गुजरातेतल्या खंबायतबद्दल त्यानं लिहून ठेवलं की इथले लोक काही मारत नाहीत, मारू देत नाहीत, आणि गावात लंगड्या कुत्र्यांसाठी, मांजरांसाठी आणि पाखरांसाठी इस्पितळं आहेत. हे वाचून मी दोन मिनिटं पुस्तक मिटून बसले. गाय नाही, घोडा नाही, लंगडा कुत्रा! दूध देत नाही, नांगर ओढत नाही, आणि लंगडा झाल्यावर राखणसुद्धा करत नाही. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. जमाखर्चात ज्याच्या जमेच्या बाजूला एक पैसा येणार नाही अशा प्राण्यासाठी व्यापारी लोकांनी इमारत बांधली, हे मला फार मोठं वाटतं. ही माणसं हिशेबात कच्ची नव्हती. काही गोष्टी वहीत मांडायच्या नसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुंबईतला दंगा आणि दोन मित्र

आता मुंबईला येऊ. कंपनी सरकारच्या काळात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम असे आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ साली ही मोहीम नेहमीपेक्षा लांबवली गेली. बक्षिसाच्या लोभानं लोक घराच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. त्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर मृताच्या देहावर पडावी लागते. ६ जून १८३२ ला पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, आणि गोऱ्या सैनिकांपर्यंत जाणारा रोजचा शिधासुद्धा अडला. हाच मुंबईचा प्रसिद्ध 'कुत्र्यांचा दंगा'.

दंगा शमला, पण प्रश्न उरला. या कुत्र्यांचं करायचं काय? दोन वर्षांनी, १८३४ साली, भुलेश्वरजवळ मुंबईचं पांजरापोळ उभं राहिलं. पुढाकार दोघांचा. एक पारशी, सर जमशेटजी जीजीभाई. दुसरे आपले जैन, शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच भायखळ्याचं मंदिर आणि शत्रुंजयावरची टूंक बांधणारे मोतीशा शेठ. दोघं धंद्यातले भागीदार. चीनशी चालणाऱ्या त्यांच्या व्यापारात अफूही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. माणसाच्या खात्यात दोन्ही बाजू असतात. पैसे उभे करण्याची पद्धत मात्र मला फार आवडली. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीनं 'लागा' बसवून घेतला. माल विकला गेला की थोडा हिस्सा आपोआप पांजरापोळाच्या नावे निघायचा. कुणापुढे हात पसरायला नको, आणि दान दिल्याचा तोराही नको.

गुजरातेतून आणि मुंबईतून व्यापाराबरोबर ही रीत गावोगाव गेली. आपल्या चौकाच्या नावात ती अजून आहे.

अन्न मिळालं, आसरा मिळाला, औषधाचं काय?

आता थोडं कडू बोलते. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक इंग्रजांनी पांजरापोळं पाहून नाकं मुरडली. जनावरं मारत नाहीत हे खरं, पण जखमा तशाच चिघळतात, आजारी आणि धट्टीकट्टी एकाच ठिकाणी कोंबलेली असतात, हे त्यांचं म्हणणं. त्यात आढ्यता होती, पण सगळं खोटं नव्हतं. पुढे गांधीजींनीही पांजरापोळांच्या व्यवस्थेवर कडक टीका केलीच.

आपल्याला लहानपणापासून चार दानं पाठ आहेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. पांजरापोळांनी आहार आणि अभय ही दोन दानं भरभरून दिली. औषध मात्र मागे राहिलं. त्याला एक कारण असंही होतं की जनावरांचं आधुनिक वैद्यक शिकलेली माणसंच हाताशी नव्हती.

तेही बदललं, आणि पुन्हा मुंबईतच. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था तिथं १८७४ साली सुरू झाली. १८८३ साली गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं हॉस्पिटल निघालं. त्याला नाव दिलं त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाई. तीन वर्षांनी, १८८६ साली, तिथंच पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं. पांजरापोळात जनावर राहायला जात असे, परळला ते बरं व्हायला जाऊ लागलं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

हे हॉस्पिटल आजही चालू आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हल्ला झाला तेव्हा छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या परिसरात रस्त्यावरच्या एका कुत्र्याला गोळी लागली. माणसं मरत असताना कुत्र्याकडे कोण बघणार? पण एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानं त्याला उचलून परळला पोहोचवलं. कुत्रा वाचला. त्याचं नाव ठेवलं शेरू, आणि बरा झाल्यावरही तो हॉस्पिटलच्या आवारातच राहिला. म्हणजे बघा, आधी औषधदान आणि मग अभयदान, दोन्ही एकाच अंगणात.

साठ कुत्री आणि एक वासरू

'सोडवायचं का' हा प्रश्न आपल्या समाजात शंभर वर्षांपूर्वी जाहीरपणे गाजला होता. १९२६ साली अहमदाबादेत अंबालाल साराभाई या मोठ्या गिरणीमालकांच्या आवारात साठच्या आसपास मोकाट कुत्री जमली. त्यांतली काही पिसाळलेली. साराभाई जन्मानं जैन. त्यांनी ती मारायला लावली आणि गांधीजींना जाऊन सांगितलं. दुसरा उपाय नव्हता, असं गांधीजी म्हणाले. मग काय, पत्रांचा पाऊस! गांधीजींनी आपल्या साप्ताहिकांतून एकामागून एक लेख लिहून उत्तरं दिली. मोकाट कुत्रा ही समाजाच्या आळसाची खूण आहे, भाकरीचा तुकडा फेकला की दया संपत नाही, कुत्र्याला मालक हवा, असं ते म्हणत राहिले.

दोन वर्षांनी, १९२८ साली, साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तडफडत होतं. उपचार थकले होते. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याला मरण दिलं. यावेळी आपला समाज जास्तच दुखावला. जीव घेण्याचा अधिकार कुणालाच नाही, दुःख भोगणं हे त्या जिवाचं कर्म आहे, अशी आपल्या लोकांची बाजू. गांधीजींची बाजू अशी की स्वार्थ नसेल आणि फक्त वेदना थांबवायची असेल तर ती हिंसा नव्हे.

या वादात मी कुणाच्या बाजूची, ते सांगते. आपल्या धर्मात सल्लेखना आहे, पण ती स्वतः समजून, स्वतःच्या व्रतानं घ्यायची. मुक्या जिवाच्या वतीनं ती दुसऱ्यानं घेता येत नाही. त्यामुळे सुई द्यायला माझा हात धजणार नाही. पण गांधीजींचे ते लेख वाचताना एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली. त्यांनीसुद्धा ही वाट सरसकट मोकळी केली नव्हती. आजार बरा होणारा नसावा, सगळ्यांनी आशा सोडलेली असावी आणि कसलीही सेवा करायची उरलेली नसावी, अशा त्यांच्या अटी होत्या. 'सेवा उरलेली नसावी' हे शब्द माझ्या मनात रुतले. आपण "सोडवा" म्हणतो तेव्हा सेवा खरंच संपलेली असते, की आपण थकणार म्हणून आधीच संपवतो?

सोनीचे सहा आठवडे

आता सोनी. पांढरी, झुपकेदार शेपटीची, पाच-सहा किलोची. दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात, अष्टाह्निकेच्या दिवसांत, गल्लीत भरधाव आलेल्या मोटारसायकलनं तिला उडवलं. मागचा उजवा पाय लोंबत होता. आमच्या 'अहों'नी कणीक मळायच्या लाकडी परातीत तिला सपाट झोपवलं आणि तसंच डॉक्टरांकडे नेलं. एक्सरेत दिसलं, मांडीचं हाड मोडलंय आणि कमरेच्या हाडाला तडा गेलाय.

डॉक्टर तरुण होते. वयाबद्दल विचारलं तर म्हणाले, "आजी, वय हा आजार नाही. रक्त तपासू, किडनी आणि हृदय बघू. ते चांगलं असेल तर भूल देता येईल." कमरेचं हाड सक्तीच्या विश्रांतीनं जुळेल, मांडीच्या हाडात मात्र पिन घालावी लागेल. सगळा खर्च सव्वीस हजारांच्या आसपास झाला. तेवढ्यासाठी आम्ही त्या वर्षीची एक सहल रद्द केली. बस्स.

हाडात पिना घालून पाय बाहेरून पक्का करायच्या एका पद्धतीची गंमत सांगते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ऑटो स्टेडर नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं ती कुत्र्यांसाठी काढली. मोडका पाय घेऊनही कुत्रा गप्प पडून राहत नाही, म्हणून ही युक्ती. दुसऱ्या महायुद्धात तीच पद्धत अमेरिकी नौदलाच्या जखमी जवानांसाठी वापरली गेली. कुत्र्यासाठी केलेली खटपट वाया जात नाही, ती अशी माणसापर्यंत पोहोचते.

ऑपरेशनआधी काही तास सोनीला अन्न द्यायचं नव्हतं. नंतर सहा आठवडे तिला लहान जागेत कोंडून ठेवायचं होतं. नातवाच्या जुन्या पाळण्याचे कठडे काढून आम्ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिचा पिंजरा केला. माझी एक जाऊबाई स्वाध्यायाला नेमानं बसणारी. ती म्हणाली, "ताई, तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तुम्ही तर बांधलंत, कापलंत आणि उपाशीही ठेवलंत. पाचातले तीन झाले!"

हसलो दोघी, पण प्रश्न चांगला होता. उत्तरही त्याच अध्यायात आहे. हिंसेच्या व्याख्येत उमास्वामींनी प्रमाद आधी धरला आहे. कषायानं, बेफिकिरीनं जिवाला इजा करणं ती हिंसा. बैल पळू नये म्हणून आवळून बांधणं हा बंध. हाड जुळावं म्हणून मऊ अंथरुणावर, नजरेसमोर, पाण्याची वाटी शेजारी ठेवून कोंडणं, त्यामागचा भाव निराळा. बाहेरून दोरी तीच दिसते. पाच अतिचार शेकडो वर्षांपूर्वी सांगितले गेले ते घरातली जनावरं डोळ्यांसमोर ठेवूनच, याचं मला मात्र त्या दिवशी नव्यानं कौतुक वाटलं.

त्या सहा आठवड्यांत काही थोर घडलं नाही. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर अंथरुणाचे व्रण पडतात. शू-शीला नेताना पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरायचा. टाके चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. सोलापूरचा उन्हाळा, म्हणून खिडकीला ओला पडदा. पहिले चार दिवस तिनं तोंडाला काही लावलं नाही. पाचव्या दिवशी माझ्या बोटावरचं दही चाटलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं शेपटी हलवली, आणि आमचे अहो, जे कधी कुणासमोर डोळे पुसत नाहीत, ते उठून गच्चीवर गेले.

आठव्या आठवड्याच्या एक्सरेत हाड जुळलेलं दिसलं. म्हातारपणी जरा उशीर लागतो, पण जुळतं. आज सोनी पंधरा वर्षांची आहे. लंगडते. जिना चढत नाही. सकाळी अंगणात उन्हाचा कवडसा जिथं सरकेल तिथं सरकते. फिचला खंबायतेत दिसलेले कुत्रे असेच असतील.

आपल्या स्वयंपाकघरातलं थोडं

घरात वयस्क कुत्रा-मांजर असलेल्या मैत्रिणींसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं थोडक्यात देते.

अपघात झाला तर जनावराला कडेवर घेऊ नका. फळी, परात, जाड चादर, जे मिळेल त्यावर सपाट ठेवून न्या. दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, कुत्र्यांना आणि मांजरांना ती विषासारखी ठरू शकतात. कांदा-लसूण त्यांना घातक असतो. आपल्या घरात तो नसतोच, त्यामुळे आपलं उरलेलं वरण त्या बाबतीत तरी निर्धोक! पण द्राक्षं आणि बेदाणे हेही कुत्र्याला घातक आहेत. आपला भाग द्राक्षांचा, घरोघरी बेदाण्याची बरणी, आणि प्रेमानं मूठभर समोर टाकायची सवय. ती सोडा. ताकद भरून यावी म्हणून आम्ही अंड्याऐवजी काय देऊ असं विचारलं, तेव्हा पनीर, दही आणि मऊ शिजवलेली मूगडाळ असं उत्तर मिळालं.

आणि एक शेवटचं. जीवंधर कुमाराची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मारहाणीत अर्धमेला झालेला कुत्रा त्यानं पाहिला. तो वाचणार नाही असं दिसल्यावर त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला, आणि तो जीव सुदर्शन यक्ष झाला. आपण कुत्र्याच्या कानात मंत्र सांगतो ते या कथेमुळेच. पण तिच्यातला क्रम विसरू नका. मंत्राची वेळ आली ती वाचण्याची आशा संपल्यावर. सोनीच्या कानात मीही रोज णमोकार म्हणत होते, पण एक्सरे काढल्यानंतर, गोळी दिल्यानंतर, कूस बदलल्यानंतर.

यंदा दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी जीवदयेच्या नावानं पैसे काढाल, तेव्हा एक विचारा. हे पैसे चाऱ्याला जाणार की औषधालाही? चारा हवाच. पण चार दानांतलं एक दान मुक्या जिवांपर्यंत फार उशिरा पोहोचलं आहे. तेवढी बाकी आपल्याला चुकती करायची आहे.